जर्मनची नाव

भंगारवाल्यानं काठीनं नावेच्या पाठीवर टणटण वाजवलं, तशी झुंबरबाई चुलीपुढून फुंकणी हातात घेऊनच बाहेर आली.

"कोन हाय रे? हात नको लावू तिले!"

"अक्का, पाहून राह्यलो फक्त. अस्सल जर्मन हाय. अठी शेळ्यांच्या पायाखाली पडून सडन्यापरीस देऊन टाका. हिची पातेली होतील, घरोघरी चुलीवर चढतील."

"तुह्या घरची चूल पाह्य तू. नही विकायची."

भंगारवाला हसला आणि सायकल ढकलत निघाला. पण जाताना तो शेजारच्या दाराशी थांबला, तिच्या दिराला, पुनाला, त्यानं काहीतरी विचारलं आणि पुनानं खांदे उडवले. झुंबरबाईनं हे पाहिलं. मग दिवसभर तिचं डोकं तडकलेलं राहिलं. तिच्या नावेबद्दल विचारायला लोक पुनाकडे का जातात? आणि त्यानं खांदे उडवायचे, म्हणजे काय? विका, नका विकू, मला काय त्याचं, असंच ना?

एदलाबादच्या त्या भागात ॲल्युमिनियमला कोणी ॲल्युमिनियम म्हणत नसे. चहाच्या टपरीवरचं काळं पातेलं असो की लग्नातला मोठा टोप, सगळं 'जर्मन'. म्हणून ही 'जर्मनची नाव'. हतनूरचं धरण बांधताना मोजमाप करणारे लोक ती घेऊन पाण्यात हिंडायचे. धरण झालं, तापी-पूर्णेचं पाणी वर शेतांपर्यंत पसरलं, मोजणारे निघून गेले आणि नाव लिलावात निघाली. झुंबरबाईच्या नवऱ्यानं, रुपचंद भोईनं, ती घेतली. बाकीचे भोई तेव्हा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी बांधून, तिच्यावर पोटावर पडून मासे धरत. रुपचंद नावेत ताठ बसून जायचा. बसायच्या फळ्या हलतात म्हणून त्यानं लोखंडी पट्ट्या आणल्या, तळाला भोकं पाडून बोल्टांनी घट्ट आवळल्या. दोनेक वर्षं बरी गेली. मग बोल्टांच्या भोवती पांढरी भुकटी धरू लागली, पाणी पाझरू लागलं. ते बघू, करू म्हणता म्हणता रुपचंदलाच कावीळ झाली आणि पंधरवड्यात तो गेला.

दिवस-पाणी झाल्यावर पुनानं ओसरीतली दोन्ही जाळी उचलली आणि आपल्या घरात नेऊन टांगली. विचारलं नाही, सांगितलं नाही. झुंबरबाईही बोलली नाही. तिला वाटलं, भावाची माती अजून ओली आहे आणि याचं लक्ष जाळ्यांवर. त्या दिवसापासून दोन घरांमध्ये एकच भिंत असूनही बोलणं बंद झालं. एकुलती मुलगी सासरी गेलेली. झुंबरबाई एकटी पडली.

काठावर येणारे मासे विकत घ्यायचे, टोपली डोक्यावर घेऊन एस.टी.नं भुसावळच्या बाजारात बसायचं, असं तिचं चाललं होतं. पण काठावर तिची पाळी नेहमी शेवटची. चांगला रोहू-कटला ठरलेल्या व्यापाऱ्यांच्या बर्फात जायचा. तिच्या वाट्याला ठेचलेले, बोटभर मासे. एकदा तिनं त्यावरून भांडण काढलं, तेव्हा एक जण म्हणाला, "मंग जाय ना पान्यात. घरी जर्मनची नाव हाय ना तुह्या!" सगळे हसले. झुंबरबाई घरी आली, नावेवरच्या शेळ्या हाकलल्या, खाली घर केलेल्या कोंबड्या काढल्या आणि पहिल्यांदा नाव नीट पाहिली. तळात भोकंच भोकं होती. काही तर अंगठा जाईल एवढी.

पहिला उपाय तिनं स्वतःच केला. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाकडून डबाभर डांबर मागून आणलं, चुलीवर उकळलं, गोणपाटाचे तुकडे त्यात बुडवून भोकांवर थापले. लुगडं खराब झालं, हात पोळले, रॉकेलनं पुसता पुसता बोटांची सालं निघाली. पण तळ काळा कुळकुळीत दिसू लागला आणि तिला बरं वाटलं. वस्तीतल्या माणसांना बोलावून तिनं नाव पाण्यात ढकलली.

गुळगुळीत जर्मनवर डांबर धरतच नाही, हे कोणाला ठाऊक? नाव काठापासून थोडी पुढे गेली आणि गोणपाटाचे तुकडे एकेक करून सुटले, काळ्या भाकरींसारखे पाण्यावर तरंगू लागले. कमरेएवढ्या पाण्यात नाव हळूहळू खाली बसली.

"झुंबर, मासे धरायचे का नाव बुडवायची?" काठावरून कोणीतरी ओरडलं. परत हशा. झुंबरबाई दोर धरून पाण्यात उभी राहिली. काठावर पुना जाळं विणत बसला होता, तिच्या नवऱ्याचंच जाळं. तो हसला नाही. पण उठूनही आला नाही. हसणाऱ्यांपेक्षा तिला त्याचाच राग जास्त आला.

मग कोणीतरी भुसावळच्या तोताराम मिस्तरीचं नाव सांगितलं. तो ट्रकची कामं करायचा, वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही म्हणत. बैलगाडीवर पालथी नाव बांधून झुंबरबाई ती तिथं घेऊन गेली. तोताराम मिस्तरीनं नावेला एक फेरी मारली, विडी पेटवली आणि म्हणाला, "होऊन जाईल मावशी. आठ दिवसांनी या."

आठ दिवसांनी ती गेली, तेव्हा नाव होती तिथंच, वर दोन टायर ठेवलेले. "सिलिंडर नाही." पुढच्या बाजाराला गेली, तेव्हा सिलिंडर होता पण 'त्या कामाची' वेल्डिंगची काडी मुंबईहून यायची होती. त्याच्या पुढच्या वेळी मिस्तरीच लग्नाला गेलेला. दर बाजाराला मासे विकून ती तशीच ओल्या टोपलीसकट गॅरेजवर जायची, उभी राहायची, आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून तोंडातल्या तोंडात शिव्या देत परत फिरायची.

अखेर एका बाजाराला तोतारामनं तिच्यासमोर काम काढलं. तिलाच बरं वाटावं म्हणून काढलं असावं. ज्योत लावली. लोखंड कसं आधी लाल होतं, मग पिवळं, माणसाला अंदाज येतो. जर्मन लाल होतच नाही. होतं तसं करडं दिसत राहतं. तोतारामनं ज्योत आणखी जवळ नेली, आणि पाहता पाहता पत्र्याचा तो भाग दह्यासारखा ढासळून खाली पडला. अंगठ्याएवढं भोक होतं तिथं ताटलीएवढं खिंडार झालं.

तोताराम चष्मा वर करून पाहत राहिला. "पत्राच खराब आहे मावशी," तो म्हणाला. "सडका माल."

"मी आनली तवा एवढं भोक नव्हतं," झुंबरबाई म्हणाली. "होऊन जाईल म्हने! तुले येत नव्हतं तं पहिल्या दिवशी सांगायचं होतं. मी काबरं चकरा मारल्या मंग?"

त्यानं पैसे घेतले नाहीत. तेही तिला अपमानासारखं लागलं. परतीची बैलगाडी मिळेपर्यंत ती नावेशेजारी रस्त्याच्या कडेला बसून राहिली. येणारे-जाणारे विचारायचे, "बाई, ही कुठं चालली?" पाण्याचा थेंब नाही अशा रस्त्यावर नाव घेऊन बसलेली बाई, त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

शिवरात्रीला मुक्ताबाईची आणि चांगदेवाची यात्रा भरते. झुंबरबाई दर्शनाला गेली, पण देवळापेक्षा भांड्यांच्या दुकानांपुढेच जास्त रेंगाळली. तिथं फैजपूरची शेवंताबाई नावाची एक म्हातारी पाल टाकून बसली होती. लोक फुटके टोप, गळकी घमेली आणून देत आणि ती ठोकठोक करून सांधून द्यायची. एका मोठ्या टोपाच्या बुडाला तिनं जर्मनचंच ठिगळ लावलं, भोवतीनं जाड डोक्याचे जर्मनचे खिळे ठोकून बसवले. त्यांना ती रिपिट म्हणायची. टोपात पाणी भरून पाहिलं. थेंब गळला नाही.

झुंबरबाई तिच्यासमोर बसलीच. सगळी कहाणी सांगितली. शेवंताबाईनं ऐकता ऐकता एकच विचारलं, "हिले लोखंड कोनी लावलं होतं?"

"माह्या मालकानं. फळ्या हलू नये म्हून."

"तेच मंग. जर्मन अन् लोखंड पान्यात एकमेकाले लागून राह्यले का जर्मन झिजते, बाई. पान्यानं नही खाल्ली तुही नाव. बोल्टांनी खाल्ली."

रुपचंद ते बोल्ट आवळताना किती खूश होता, हे झुंबरबाईला आठवलं. मेलेल्या नवऱ्याचा तिला पहिल्यांदाच राग आला. एवढं करायला कोणी सांगितलं होतं? हलत होत्या फळ्या तर हलू द्यायच्या होत्या!

"तुमी याल का?" तिनं विचारलं.

"मी नाव कधी पाह्यली नही, माय. टोप सांधते मी." पण तिनं पिशवीभर रिपिटं दिली आणि रीत सांगितली. ठिगळाखाली सफेद्याच्या घट्ट पांढऱ्या रंगात भिजवलेलं कापड घालायचं, एकानं बाहेरून ठोकायचं आणि दुसऱ्यानं आतून जड लोखंड दाबून धरायचं. "धरनारा माणूस पक्का पाह्यजे. त्याचा हात हलला का रिपिट वाकडं गेलं म्हून समज."

उन्हाळा लागला. पाणी मागे हटलं, काठावर भेगाळलेला गाळ उरला. झुंबरबाईनं लग्नात आलेला मोठा टोप कापून, ठोकून सपाट केला. त्याची ठिगळं काढली. सगळे लोखंडी बोल्ट आणि पट्ट्या उचकटून फेकून दिल्या. नाव कुशीवर उभी केली, दगडांचा टेकू दिला आणि आत धरायला शेजारच्या सुनंदाबाईला बसवलं.

सुनंदाबाई मनानं चांगली. पण हातोडी पडली की ती डोळे मिटायची, मान खांद्यात ओढायची आणि हातातलं लोखंड बाजूला सरकायचं. रिपिट वाकायचं. छिन्नीनं ते कापून काढायचं, नवीन घालायचं.

"डोळे नको मिटू वं!"

"मी कुठी मिटते? आपोआप मिटतात."

"मंग घट्ट धर."

"धरलं ना. तूच जोरात मारून राह्यली."

सकाळी उन्हं तापायच्या आधी आणि संध्याकाळी उन्हं कलल्यावर, रोज हेच. पिशवीतली रिपिटं संपत चालली आणि धड बसलेली मोजकीच. एका सकाळी सुनंदाबाईच्या बोटाला लागलं आणि ती उठून घरी गेली. झुंबरबाईनं एका हातानं आत लोखंड धरून दुसऱ्या हातानं बाहेरून ठोकायचा प्रयत्न केला. हात पोहोचेना. तिनं हातोडी फेकून दिली. ती दगडावर आपटली आणि दांड्यातून निसटली. झुंबरबाई तिथंच बसली, पदर तोंडाशी धरून. जगातली एकही वस्तू तिचं ऐकायला तयार नव्हती.

थोड्या वेळानं पुन्हा ठोकल्याचा आवाज आला. तिनं मान वर केली. पुना दगडावर हातोडीचा दांडा ठोकून बसवत होता. त्यानं हातोडी तिच्यापुढे ठेवली, बगलेत धरलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा घेतला आणि काही न बोलता नावेच्या आतल्या बाजूला जाऊन बसला. इतके दिवस भिंतीपलीकडून ते वाकडे घाव ऐकून त्याचे कान किटले होते, हे त्यानं नंतर कधीतरी सांगितलं.

झुंबरबाईला म्हणावंसं वाटलं, बाहेर निघा. पण रिपिटं थोडीच उरली होती. तिनं एक भोकात घातलं.

"हं," आतून आवाज आला.

तिनं मारलं. पलीकडे रूळ जागचा हलला नाही. घाव भरीव बसला, रिपिटाचं डोकं सपाट पसरलं. तिनं दुसरं घातलं. "हं." मारलं. तेही बसलं. दुपार होईपर्यंत मोठ्या खिंडारावरचं ठिगळ निम्मं झालं होतं, आणि दोघांमध्ये 'हं' शिवाय शब्द झाला नव्हता.

तसं ते दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी झुंबरबाईच्या तोंडून निघून गेलं. मध्ये पत्रा होता, पुनाचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच निघालं असेल.

"जाळी काबरं नेली होती तुमी?"

पुना आतून म्हणाला, "तठी उंदरं होती. कुरतडली असती."

"मंग परत काबरं नही आनली?"

"तुमी मागितली नही."

"मी मागायची? माह्या मालकाची जाळी मी मागायची?"

"माह्या भावाचीबी होती ना वहिनी!" पुनाचा आवाज चढला. "तुमी त्या दिवशी दारात उभ्या होत्या. मले वाटलं, काही बोलतील. तुमी तोंड फिरवून आत गेल्या. भाऊ गेला, अन् भावाच्या घरचं दारबी गेलं, असं वाटलं मले."

"मंग बोलायचं होतं!"

"तुमीबी बोलायचं होतं!"

झुंबरबाईनं हातोडी हाणली. वेळ चुकली, 'हं' यायच्या आधीच हाणली. रूळ आत सटकला, पुनाच्या मनगटावर पडला. तो बाहेर आला, मनगट धरून, चेहरा आंबट करून, आणि सरळ घरी निघून गेला. रूळ तिथंच राहिला.

दोन-तीन दिवस झुंबरबाईनं काहीच केलं नाही. पलीकडून त्याच्या खोकण्याचा, भांडी ठेवण्याचा आवाज यायचा. सुनंदाबाई येऊन म्हणाली, "जाऊन बोल ना त्याच्याशी." झुंबरबाई म्हणाली, "मी काय केलं?" मग दळताना, मासे साफ करताना ती स्वतःशीच पुटपुटत राहायची, पुनाला ऐकवायच्या गोष्टी जुळवत. त्यातली एकही धड जुळेना. नाव अर्धवट उभी. आभाळ एखाद्या संध्याकाळी भरून यायचं. पाऊस आला की सगळं राहिलं.

शेवटी तिनं तो रूळ दोन्ही हातांनी उचलला, पुनाच्या दारात नेऊन उंबऱ्यापुढे टाकला.

"तुमचं लोखंड तुमच्या घरी ठेवा. माह्या दारात नको."

पुना जेवत होता. मनगटाला हळद लावून फडकं बांधलेलं. त्यानं उरलेला घास खाल्ला, हात धुतला, रूळ उचलला आणि तिच्या पुढे चालत नावेपाशी जाऊन बसला. ती तिथं पोहोचली तेव्हा तो आतून म्हणाला, "आता 'हं' म्हनल्याबिगर मारू नका."

पाऊस पडायच्या आत ठिगळं पूर्ण झाली. आतून-बाहेरून सफेदा चढवला. बसायच्या फळ्या पुनानं लाकडी खुंट्यांवर बसवल्या. त्या हलायच्या, पण झुंबरबाईनं त्यांना लोखंडाचा खिळासुद्धा लावू दिला नाही.

आश्विनात पाणी भरलेलं, निवळलेलं होतं. वस्तीतली माणसं पुन्हा जमली. या वेळी कोणी मोठ्यानं काही बोललं नाही, पण हसायला तयार होऊन आले होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. नाव पाण्यात गेली. पुना पुढे, झुंबरबाई मागे. तिचं सगळं लक्ष खाली ठिगळांवर. एक कोरडं. दुसरं कोरडं. मोठं खिंडारही कोरडं. तिनं श्वास सोडला, आणि तेवढ्यात पायाच्या अंगठ्याला गार लागलं.

पाणी टोकाकडच्या जुन्या सांध्यातून येत होतं. जिथं कधीच भोक नव्हतं, जिथं कोणी हातही लावला नव्हता, तिथून. इतके दिवस ठोकून ठोकून नवं घट्ट केलं आणि जुनं ढिलं पडलं होतं.

"पुन्हा!" झुंबरबाई ओरडली. "पुन्हा गळून राह्यली! आग लागो हिले! विकून टाकायची होती मी त्या भंगारवाल्याले!"

"गळते तं गळू द्या," पुना वल्हं मारत म्हणाला. "उपसा."

"मी नही उपसत! माघारी फिरवा."

"काठावर सारे उभे हायेत वहिनी."

तिनं मागे पाहिलं. उभे होते सारे. मग तिनं पायापाशी पडलेला तेलाचा रिकामा डबा उचलला आणि दात-ओठ खात पाणी बाहेर फेकू लागली. पाणी हळू येत होतं. उपसलं की तळ दिसायचा, थोड्या वेळानं पुन्हा घोट्याशी यायचं. पुढे गेल्यावर दुसरीच अडचण. वल्हं कडेला लागलं की अख्खी नाव ढोलासारखी घुमायची आणि मासे लांब पळायचे. पहिल्या दिवशी जाळ्यात आले ते चार शिंगाडा मासे आणि एक मरळ. झुंबरबाईनं घरी येताच उपसायचा डबा कोपऱ्यात भिरकावला.

पण दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या गोधडीच्या पट्ट्या कडांना बांधल्या, आणि ते दोघं पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. दिवाळीच्या सुमाराला एक दिवस असा आला की रोहू-कटल्यानं टोपली भरली, आणि व्यापाऱ्याचा माणूस काठावर तिची वाट पाहत थांबला. झुंबरबाईनं त्याला बराच वेळ थांबवलं, टोपली डोक्यावर घेतली आणि भुसावळची एस.टी. पकडली.

ती नाव पुढे दहाएक वर्षं चालली. कधीच पूर्ण कोरडी झाली नाही. दर उन्हाळ्यात झुंबरबाई ती पालथी घालायची, एक सांधा धरायची, तो बंद करायची, आणि आश्विनात दुसरा कुठला तरी सुटायचा. दर वेळी ती तितकीच चिडायची, जणू नावेनं हे पहिल्यांदाच केलं. पुनाही दर वेळी आत जाऊन बसायचा. जाळी एकदा या घरी, एकदा त्या घरी टांगली जायची. कोणी हिशेब ठेवला नाही. भांडणं मात्र थांबली नाहीत. कारण पुनाला पूर्णेकडच्या उथळ पाण्यात जाळं टाकायचं असायचं आणि झुंबरबाईला तापीच्या अंगाला खोल पाण्यात.

"तठी वारा हाय वहिनी. नाव तिरपी होईल."

"होऊ द्या. मासेबी तठीच हायेत."

"मागच्या खेपेलेबी हेच म्हनल्या होत्या."

"मागच्या खेपेले तुमी बडबड केली म्हून पळाले."

पुना वल्हं वर धरून बसून राहायचा, हलायचाच नाही. मग झुंबरबाई उपसायचा डबा बाजूला ठेवायची, सरकत पुढे यायची, वल्हं त्याच्या हातातून ओढून घ्यायची आणि नावेचं तोंड तापीकडे वळवायची. आणि पुना डबा उचलून पाणी उपसायला लागायचा.